मेनफ्रेम जिवंत आहे, राखणदार झोपलेत

‘मेनफ्रेम? अजून आहे ते?’

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू असतं. मानकोली नाक्यापासून पडघ्यापर्यंत नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना गोदामं उभी राहिली, त्यांच्या मागोमाग हे हसूही भिवंडीत आलं. नवं लॉजिस्टिक पार्क, काचेची केबिन, भिंतीवर पडदा आणि लॅपटॉप उघडून बसलेले सल्लागार. त्यांच्या सादरीकरणात एक पान हमखास असतं. डावीकडे खोलीभर पसरलेल्या कपाटांचा काळापांढरा फोटो, उजवीकडे निळ्या आभाळातला ढग आणि मध्ये बाण. गोदामाचे शेठ मान डोलावतात, त्यांचा इंजिनिअर झालेला मुलगा जरा जास्तच डोलावतो आणि जगातल्या कितीतरी मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र चहा येईपर्यंत निकालात निघालेलं असतं.

या मंडळींचं म्हणणं आधी नीट मांडू, नाहीतर सोयीचं तेवढंच उचललं असा आरोप व्हायचा. पहिलं म्हणणं, मेनफ्रेम हे साठ वर्षांपूर्वीचं यंत्र आहे, काळाने ते मागे टाकलं. दुसरं, आपल्याकडच्या बँका आणि आपला व्यापार त्यावर चालतच नाही, मग भिवंडीकराने त्याची उठाठेव का करावी? तिसरं, जिथे ते अजून आहे तिथून उपटून सगळं क्लाउडवर न्यावं, की सुरक्षेची कटकटही संपते. चौथं, त्यावर काम करणारी माणसं आता मिळत नाहीत, म्हणजे त्याचे दिवस भरलेच. पाचवं म्हणणं मात्र याच्या नेमकं उलट आहे आणि ते खुद्द मेनफ्रेमवाल्यांच्या गोटातून येतं. आमचं यंत्र हॅक होतच नाही, तुम्ही निर्धास्त झोपा! पहिली चार मतं अर्धवट माहितीतून आलेली आहेत. पाचवं जाणकारांचं आहे, म्हणून सगळ्यात घातक.

वयापासून सुरुवात करू. आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली ती ७ एप्रिल १९६४ रोजी. ती यंत्रं आता संग्रहालयात आहेत. बँकेत आज जे चालतं ते त्यांचं वंशज, २०२२ मधलं झेड १६ किंवा २०२५ मधलं झेड १७. झेड १७ मधला टेलम-२ प्रोसेसर व्यवहार पुरा होण्याच्या आत तो लबाडीचा असण्याची शक्यता किती, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जोखू शकतो. म्हणजे सल्लागार ज्याला म्हातारं म्हणतात, ते त्यांच्या हातातल्या लॅपटॉपपेक्षा वयाने लहान असण्याचा संभव आहे. जुना आहे तो दिलेला शब्द. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम पुढच्या पिढीच्या यंत्रावरही चालेल, हा तो शब्द, आणि साठ वर्षं तो पाळला गेला. आपल्या फोनमधलं अ‍ॅप चार वर्षांत ‘आता या फोनवर चालणार नाही’ असं सांगून मोकळं होतं, त्याला आपण प्रगती म्हणतो. मग साठ वर्षं शब्दाला जागणाऱ्याला मागासलेला कशाच्या आधारावर म्हणायचं?

वय हाच गुन्हा असेल तर सगळ्यांनाच एका रांगेत उभं करा. युनिक्सचा जन्म १९६९ चा. इंटरनेट ज्या टीसीपी-आयपीच्या नियमांवर चालतं ते १९७० च्या दशकातले. बाणाच्या उजवीकडचा तो ढग याच दोघांच्या खांद्यावर उभा आहे. त्यांचा काळापांढरा फोटो त्या पानावर का नसतो? कारण तो ढग मोडीत काढायचा नसतो, विकायचा असतो.

आता ‘आपला काय संबंध’ हे म्हणणं पाहू. यात अर्धं सत्य आहे आणि असले सल्ले अर्ध्या सत्यावरच खपतात. भारतातल्या बहुतेक बँकांचं कोअर बँकिंग उभं राहिलं ते १९९० नंतर. तोवर युनिक्सचे सर्व्हर आवाक्यात आले होते, म्हणून आपल्या बँका थेट त्यांच्यावर गेल्या. हे मान्य. पण व्यापार म्हणजे फक्त आपल्या शाखेतला काउंटर नव्हे. १९७४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने बरोज कंपनीचं यंत्र मुंबईत आणलं आणि त्याच्या बळावर परदेशी ग्राहकांची कामं घेतली. देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात बरेच जण तिथूनच मोजतात. १९७८ मध्ये परकीय चलन कायद्याच्या अटींवरून आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, तेव्हा तिची इथली यंत्रं चालती ठेवण्याची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली. मूळ कंपनी निघून गेल्यावर दुसऱ्याचं यंत्र आपल्या हाताने जगवणारे इंजिनिअर या देशात तेव्हाच तयार झाले. पुढे २००० साल उजाडताना तारखेतल्या वर्षाचे दोन आकडे चार करण्यासाठी कोबॉल या भाषेत लिहिलेल्या जगभरच्या प्रोग्रॅमांची झाडाझडती सुरू झाली. डोंबिवली, ठाणे, पुणे इथली किती घरं त्या कामावर पक्की झाली, हे त्या घरांना विचारा.

ते काम संपलेलं नाही. आजही ऐरोलीच्या आयटी कंपन्यांच्या इमारतींत रात्री दिवे चालू असतात ते हौसेखातर नव्हे. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या बँकेचा दिवस संपतो, दिवसभराचे व्यवहार खात्यांवर चढवणारी बॅच सुरू होते आणि ती नीट संपते की नाही हे पाहायला इथला मुलगा किंवा मुलगी पडद्यासमोर बसलेली असते. त्यांत भिवंडीचीही पोरं आहेत. भिवंडी रोड स्टेशनाला गाड्या मोजक्याच, म्हणून रिक्षा नाहीतर बस पकडून ठाणं गाठायचं आणि तिथून वाशीकडे जाणारी लोकल धरायची, असा त्यांचा प्रवास. ज्या यंत्रावर गावच्या पोरांची रोजीरोटी आहे त्याच्याशी गावाचा संबंध नाही, हे म्हणायला जीभ कशी रेटते?

तिसरं म्हणणं सगळ्यात लाडकं. नव्यावर जा, सुरक्षा आपोआप येईल. याला उत्तर द्यायला फार लांब जायला नको, न्हावा-शेवा पुरे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. मर्स्कच्याच समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल चालवते. तिथलं संगणकीकृत काम बंद पडलं, हाताने कागद रंगवायची वेळ आली आणि कंटेनर तुंबू लागले. भिवंडीच्या गोदामांत उतरणारा आयात माल याच बंदरातून येतो. मर्स्कचे अध्यक्ष पुढे दावोसच्या व्यासपीठावरून म्हणाले की कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. आणि सगळ्या संगणकांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची शाबूत प्रत शेवटी सापडली ती घानात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक वाचली ती लोडशेडिंगमुळे! या हल्ल्यात बळी पडलेली यंत्रं ६० वर्षांची नव्हती. ती तुमच्याआमच्या टेबलावर असतात तसलीच होती, विंडोजवाली.

आणि ‘उपटून न्या’ म्हणणाऱ्यांनी टीएसबी बँकेचं नाव ऐकलंय का? ही ब्रिटिश बँक लॉइड्स बँकेपासून वेगळी झाली, तरी तिचा कारभार लॉइड्सच्याच जुन्या यंत्रणेवर चालू होता. एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या यंत्रणेवर हलवली. सोमवारी १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, आणि काहींना दुसऱ्यांची खाती दिसू लागली. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. तोवर मुख्याधिकाऱ्यांनी खुर्ची सोडली होती. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला आणि पुढच्या वर्षी त्या वेळच्या तंत्रज्ञानप्रमुखाला ८१,६२० पौंडांचा दंड व्यक्तिशः भरायला लावला. सादरीकरणातल्या त्या बाणाची ही किंमत. बाण काढायला दोन सेकंद लागतात; तो पार करताना कोण कुठे पडेल हे त्या पानावर लिहिलेलं नसतं.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या जवळपास ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमसारखे व्यवहार राष्ट्रीय जाळ्यापासून तोडावे लागले. त्यांत सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. बँकांनी सुरक्षा दुसऱ्यावर सोपवली होती, धोका मात्र आपल्याच दारात परत आला. यंत्र बदललं, पत्ता बदलला, भाडं द्यायची पद्धत बदलली. जबाबदारी कुठे गेली? ती जागच्या जागीच आहे, फक्त आता तिच्याकडे पाहणारं कुणी नाही.

क्लाउड वाईट, असं म्हणण्याचा माझा हेतू नाही. वाईट आहे ती ही समजूत की सुरक्षा ही यंत्राबरोबर खोक्यातून येणारी वस्तू आहे. आणि याच समजुतीचे बळी मेनफ्रेमवालेही आहेत, म्हणून आता त्यांच्याकडे वळतो.

‘मेनफ्रेम हॅक होत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कुठल्याशा मॅन्युअलमध्ये छापलेलं असावं असं वाटतं. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये लोजिका या कंपनीचं मेनफ्रेम फोडलं गेलं. आत शिरणाऱ्याने आधी एका खऱ्या ग्राहकाचं लॉगिन वापरलं, मग यंत्रणेतल्या त्रुटी शोधल्या आणि शेवटी थेट रॅकएफची नोंदवहीच उचलून नेली. कोणाला काय करता येईल आणि कोणाचा पासवर्ड काय, याचा हिशेब ठेवणारी ती वही. घरी नेऊन त्याने निवांतपणे त्यातले पासवर्ड फोडले. ज्यांची ओळख सरकारने मुद्दाम गुप्त ठेवली होती अशा नागरिकांची माहितीही त्यात गेली. या प्रकरणात २०१३ मध्ये ज्याला शिक्षा झाली तो गॉटफ्रिड स्वार्तहोल्म वार्ग ‘पायरेट बे’ या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक. त्याला यंत्राचं वय आड आलं नाही आणि यंत्राची कीर्तीही आड आली नाही.

आता हे कसं घडतं ते भिवंडीच्या भाषेत सांगतो. इथल्या कुठल्याही बऱ्या गोदामाच्या गेटवर जा. ट्रक आला की वॉचमन गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, वेळ रजिस्टरमध्ये लिहितो. कंटेनर उघडण्याआधी सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहतात. माल उतरवणारे माथाडी वेगळे, नग मोजणारा सुपरवायझर वेगळा, चलनावर सही करणारा वेगळा आणि गेटपास देणारा चौथाच. ज्याने माल मोजला तोच गेटपास फाडताना दिसला, तर शेठ त्याला बाजूला घेऊन विचारतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे चावी राहिली तर त्याच रात्री कुलूप बदलतं. हे कुणी सल्लागाराकडून शिकलेलं नाही. माल चोरीला गेल्यावर शिकलेलं आहे.

मेनफ्रेममधलं रॅकएफ १९७६ पासून नेमकं हेच करतं. कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणी नुसतं बाहेर उभं राहायचं, हे त्यात लिहून ठेवता येतं. नकार दिला तरी त्याची नोंद राहते. ही सोय इतकी वर्षं हाताशी असलेली दुसरी यंत्रणा व्यापारात क्वचितच सापडेल. पण रजिस्टर ठेवलं म्हणून ते कुणी वाचतं असं होत नाही. रॅकएफमध्ये ‘प्रोटेक्ट-ऑल’ नावाचा पर्याय आहे. तो चालू नसेल तर ज्या फाइलवर नियमच लिहिलेला नाही ती सगळ्यांना उघडी. कुणी तो चालू केलाच तर आधी ‘वॉर्निंग’वर ठेवतात, म्हणजे यंत्र नुसतं कुरकुरतं आणि आत सोडतं. चार दिवसांसाठी ठेवलेलं ते वॉर्निंग वर्षानुवर्षं तसंच राहतं. ‘आयबीएमयूजर’ हा यंत्राबरोबर येणारा पहिला आयडी. त्याचा मूळ पासवर्ड आख्ख्या जगाला पाठ आहे, आणि तरी तो आयडी बंद केलाय का, हा प्रश्न ऑडिटमध्ये आजही विचारावा लागतो.

बिघाड नेमका कुठे होतो ते पाहायचं असेल तर रात्रपाळीत या. रात्रीचे पावणेतीन. बॅच मध्येच कोसळते. पडद्यावर एस ९१३ हा अ‍ॅबेंड, म्हणजे काम अर्ध्यावर तुटल्याचा संकेत, आणि त्याच्या वर आयसीएच ४०८ आय हा संदेश. अमुक आयडीला अमुक फाइल बदलण्याचा अधिकार नाही, असं यंत्र सांगतंय. म्हणजे यंत्राने आपलं काम चोख केलंय. पण तिकडे क्लायंटचा फोन चालू आहे, सकाळी सहाच्या आत बॅच संपली नाही तर दंड आहे आणि ज्याला नियम माहीत आहे तो झोपलाय. तेव्हा शिफ्ट लीड काय करतो? ‘फायरकॉल’चा आयडी काढतो, म्हणजे आणीबाणीसाठी राखून ठेवलेला सर्वाधिकारी आयडी, आणि अडलेल्या आयडीला ‘तात्पुरता’ पूर्ण अधिकार देऊन टाकतो. बॅच सुटते. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. सकाळी पाळी बदलते, हँडओव्हरच्या मेलमध्ये ‘इश्यू रिझॉल्व्ड’ एवढंच जातं. तो तात्पुरता अधिकार काढायचा कोणी? रात्रीचा म्हणतो दिवसाच्याने, दिवसाचा म्हणतो सिक्युरिटी टीमने, सिक्युरिटी टीम म्हणते तिकीटच आलं नाही. असे ‘तात्पुरते’ अधिकार साचत जातात आणि एके दिवशी एखाद्या कारकुनी आयडीच्या हाती आख्ख्या गोदामाच्या चाव्या आलेल्या असतात. यात यंत्राचा दोष दाखवा.

शिवाय मेनफ्रेम एकटं कधीच नसतं. त्याला मोबाइल अ‍ॅप जोडलेलं, वेबसाइट जोडलेली, दहा ठिकाणच्या फाइली रोज येतात-जातात. जुनं टर्मिनल सत्र एन्क्रिप्ट केलं नसेल तर पासवर्ड जाळ्यावरून उघडाच जातो. २०१७ च्या झेड १४ पासून सगळा डेटा सरसकट एन्क्रिप्ट करण्याची सोय आली, पण किल्ल्या कोणाच्या ताब्यात ठेवायच्या हे यंत्र सांगत नाही. केंद्र कितीही भक्कम असलं तरी भोवतालचं काय, याचा धडा पुण्याच्या कॉसमॉस बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या सगळ्यांच्या वतीने घेतला. तिथे खात्यांच्या मूळ यंत्रणेला हातही न लावता हल्लेखोरांनी एटीएमच्या स्विचच्या जागी बनावट स्विच उभं केलं. पैसे द्यायचे का, हा प्रश्न बँकेच्या यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही. खोटं स्विचच ‘द्या’ म्हणत राहिलं. ११ ऑगस्टला २८ देशांतून रोकड निघाली, १३ ऑगस्टला बँकांच्या स्विफ्ट या संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगला रक्कम गेली, एकूण ९४ कोटी ४२ लाख. तेव्हा ‘आमचं केंद्र अभेद्य आहे’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी एकदा भोवतालच्या दारांची मोजदाद करावी.

राहता राहिलं माणसं मिळत नाहीत हे म्हणणं. एप्रिल २०२० मध्ये कोविडने बेकारीभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबॉल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक घातली. सगळं जग हसलं, काय ही जुनाट भाषा! हसण्यासारखं त्यात काहीतरी होतं, पण ते भाषेत नव्हतं. ज्या यंत्रणेवर लाखो लोकांची चूल पेटते तिच्यासाठी माणसं घडवायची नाहीत, जाणती माणसं निवृत्त होताना त्यांच्याकडून लिहून घ्यायचं नाही, आणि आग लागल्यावर रस्त्यावर उभं राहून पाणी असलेला माणूस शोधायचा, हे हास्यास्पद आहे. कोबॉल शिकायला अवघड आहे का? वाक्यं वाचून कळावीत म्हणूनच ती भाषा तशी घडवली गेली. अवघड आहे ते तिच्यात लिहिलेला चाळीस वर्षांचा धंदा समजून घेणं. व्याज कसं मोजायचं, सुट्टीच्या दिवशी हप्ता कुठे ढकलायचा, हे त्या ओळींत आहे. भाषा बदलली म्हणून ते समजणं टळत नाही.

आणि आपण काय करतो? कॉलेजातून आलेल्या पोराला दोन-तीन महिने कोबॉल आणि बॅचला सूचना देणारी जेसीएल घोटवून सपोर्टच्या रांगेत बसवतो. रॅकएफ काय असतं ते त्याला अधिकार नाकारला गेल्यावरच कळतं. त्याचे मित्र ‘तू मेनफ्रेमवर? अरेरे’ म्हणतात, मॅनेजर ‘वर्षभर काढ, मग क्लाउडमध्ये घेतो’ म्हणतो. एखादं काम आपणच शिक्षा म्हणून वाटायचं आणि मग त्यावर माणसं टिकत नाहीत म्हणून रडायचं, हा कुठला न्याय? ज्याला खरंच शिकायचं त्याला आयबीएमच्या ‘झेड एक्सप्लोर’ या कार्यक्रमातून खऱ्या मेनफ्रेमवर फुकट हात बसवता येतो. किती प्राध्यापकांनी हे वर्गात सांगितलंय?

माणसं आणि व्यवस्थापन ढिसाळ असलं की काय होतं, याचा दाखला आरबीएस या ब्रिटिश बँकसमूहाने दिला. जून २०१२ मध्ये बॅच कोणत्या क्रमाने चालायच्या हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली. गडबड दिसल्यावर जुन्या आवृत्तीवर परत जायचं ठरलं आणि त्या परतीनेच सगळं विस्कटलं, कारण दोन आवृत्त्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं आणि ते आधी तपासलंच नव्हतं. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. कुणाचा पगार जमा होईना, कुणाचे हप्ते चुकले. समूहातल्या अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल जुलैपर्यंत चालले. वर्तमानपत्रांनी लगेच बोट दाखवलं ते हैदराबादच्या कर्मचाऱ्यांकडे. २०१४ मध्ये नियामकांनी ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला, तो बँकेला, कारण धोका ओळखून आवरण्याची व्यवस्था तिथे नव्हती. यंत्र तेव्हाही ठणठणीत होतं. परतीचा रस्ता चालून पाहायची शिस्त नव्हती.

म्हणून माझं म्हणणं कुणालाही आवडणार नाही. नव्यावाल्यांनो, तुमचं नवं तुम्हाला वाचवणार नाही. जुन्यावाल्यांनो, तुमचं भक्कम तुम्हाला वाचवणार नाही. वाचवतं ते कंटाळवाणं, रोजचं, कौतुक न होणारं काम. सर्वाधिकारी आयडी किती आणि कोणाचे, हे दर महिन्याला मोजणं. सोडून गेलेल्याचा आयडी त्याच संध्याकाळी बंद करणं. ‘तात्पुरत्या’ अधिकाराला देतानाच संपायची तारीख लावणं. नकारांच्या नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाने वाचणं. दुसऱ्या केंद्रावर कारभार नेऊन पाहण्याचा सराव खरोखर करणं, त्याचा नुसता अहवाल लिहिणं नव्हे. यातलं एकही काम विकत मिळत नाही, म्हणून एकाही सादरीकरणात ते नसतं.

सरकारने आपल्या परीने काठी उगारली आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण काठीच्या धाकाने फॉर्म भरले जातात, रजिस्टर वाचलं जात नाही. ते वाचायला मालकाची नजर लागते. भिवंडीतल्या शेठकडे ती मालासाठी आहे. त्यांच्याच ऑफिसात मात्र टॅलीचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो आणि ई-वे बिलाचं लॉगिन व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरत असतं. अब्जावधींच्या बँका मोठ्या प्रमाणावर हेच करतात, एवढाच फरक.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला तो बाण दाखवला, तर यंत्राचं वय विचारू नका. सर्वाधिकार कोणाकडे आहेत, सोडून गेलेल्यांचे आयडी कधी काढले, काल कोणाला नकार मिळाला आणि परतीचा रस्ता शेवटचा कधी चालून पाहिला, एवढंच विचारा. तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाआधी हेच प्रश्न मांडा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याला या चार प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्याच्या हातात तुमचे पैसे मेनफ्रेमवरही सुरक्षित नाहीत आणि क्लाउडवरही नाहीत.